रोग्याचा दुभाष्या

दिवाळीचा फराळ अंगावर आला, की मराठी माणसाला जे काय होते त्याला एकच एक नाव नाही. पोटाला तडस लागते, गुबारा धरतो, छातीत जळजळते, करपट ढेकर येतात, मळमळते, ढवळते, आणि फारच झाले तर मुरडा येतो. ही सर्व निरनिराळी दुखणी आहेत हे घरातल्या कोणत्याही आजीला ठाऊक असते, आणि ओवा द्यावयाचा, सुंठ द्यावयाची की नुसते लंघन करावयास लावायचे, हेही ती शब्द ऐकूनच ठरविते. हाच मनुष्य दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेला, म्हणजे त्याच्या कागदावर इंग्रजीतून एक शब्द उमटतो: ‘डिस्पेप्सिया’. तो कागदाची घडी घालून खिशात ठेवतो. आपल्याला काय होत होते ते त्याला ठाऊक होते. काय झाले आहे ते मात्र आता ठाऊक उरलेले नसते.

हा घडी घातलेला कागद आज उलगडावासा वाटला, त्याला कारण आहे. २०२२च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी नावाचे बोलके यंत्र लोकांना खुले झाले आणि त्याच्या मागोमाग तशी आणखी निघाली. दवाखान्यातल्या कागदाचा फोटो काढून फोनला दाखवावा, ‘मला समजेल असे सांग’ म्हणावे, की यंत्र मराठीतून सांगू लागते. ते खरे सांगते का, हा प्रश्न आहेच. पण मला त्याच्याही आधीचा प्रश्न पडतो. ते ज्या मराठीतून सांगते ती मराठी त्याने आणली कोठून? कोणा वैद्याच्या ओसरीवर बसून त्याने ती ऐकलेली नाही. माणसांनी जे लिहून ठेवले, ते वाचून ते बोलावयास शिकले. तेव्हा रोग्याला समजेल अशी मराठी आपण आजवर कितीशी लिहून ठेवली, हे एकदा पाहावयास हवे. हा शोध मी डॉक्टरच्या अधिकाराने घेत नाही. मॅट्रिकपर्यंत शिकलेला, मुलांना शिकविणारा आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारा मी मनुष्य. शब्द कोठून आला एवढेच विचारण्याची मला खोड आहे.

मी राहतो ते विचुंबे पनवेलच्या अगदी लगत, गाढी नदीच्या काठी. औषधपाण्याच्या बाबतीत आमचा तालुका भाग्यवान म्हटला पाहिजे. खुद्द पनवेलात १८७२ साली पुराणिक वैद्यांनी श्रीधूतपापेश्वर हा आयुर्वेदीय औषधांचा कारखाना काढला, आणि त्याच्या आसवारिष्टांच्या बाटल्या महाराष्ट्रभर गेल्या. आज तालुक्यातल्याच खारघरला टाटा स्मारक केंद्राची कर्करोगाची संशोधनसंस्था व रुग्णालय आहे. तेथे देशाच्या कानाकोपऱ्यांतून रोगी येतात. एका टोकाला ‘मधातून चाटण, वर कोमट पाणी’ असे अनुपान सांगणारा वैद्य, दुसऱ्या टोकाला इंग्रजी अहवालांची जाडजूड फाईल; मध्ये दीडशे वर्षे. या दीडशे वर्षांत काय घडले ते समजून घ्यावयाचे, तर थोडे आणखी मागे आणि खाडीपलीकडे मुंबईस जावे लागते.

१४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या ३ वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचण्यात आली. हिंदुस्थानात ही लस यशस्वीपणे लागू पडलेली ती पहिली. लस आली होती बगदाद-बसऱ्याच्या वाटेने. साहेबाच्या भाषेत तिला ‘व्हॅक्सिनेशन’ असे भारदस्त नाव होते. मराठीत काय झाले? कोणी शास्त्रीबुवांनी बसून प्रतिशब्द घडविला नाही. लोक आपोआप ‘देवी काढणे’ म्हणू लागले. पाहा, किती शहाणा शब्द आहे! ज्या रोगाला माणसे देवीचा कोप मानीत, ज्याचे नुसते नाव घ्यावयासही भीत, ती देवीच आपण होऊन मुलाच्या दंडावर चिमूटभर काढून घ्यावयाची. त्यात भीती आहे, मान आहे, आणि नेमके काय करावयाचे तेही आहे. पुढे खेडोपाडी फिरणाऱ्या टोचणाऱ्याला लोक ‘देवीडॉक्टर’ म्हणू लागले. १९७५ साली भारतातून देवी गेल्या, १९८० साली जगातून गेल्याचे जाहीर झाले. तोवर हाच शब्द पुरला. आमच्या आधीच्या पिढीच्या दंडावर त्याचे वण अजून आहेत.

पाश्चात्त्य वैद्यक लोकांच्या भाषेतून शिकवावे, हे सरकारला मुळीच सुचले नव्हते असे नाही. १८२६ साली मुंबईत डॉ. जॉन मॅक्लेनन यांच्या हाताखाली एक वैद्यकशाळा निघाली. तेथे एतद्देशीय मुलांना त्यांच्याच भाषांतून शिकवावयाचे ठरले आणि त्यासाठी इंग्रजी ग्रंथांची भाषांतरेही सुरू झाली. सहा वर्षांत, १८३२ साली, ती शाळा बंद करण्यात आली. कलकत्त्याची तशीच शाळा १८२२ साली निघून १८३५ साली मिटली. मग मुंबईस १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज उभे राहिले ते इंग्रजीतून शिकविणारे. यासाठी त्या काळच्या माणसांना दोष देऊन चालणार नाही. शास्त्र झपाट्याने वाढत होते, ग्रंथ इंग्रजीत होते, आणि भाषांतर होईपर्यंत मूळ ग्रंथ जुना होई. १८५१ साली भाऊ दाजी लाड, आत्माराम पांडुरंग अशी मंडळी पहिल्या तुकडीतून बाहेर पडली. त्यांच्या तोलाची माणसे कोणत्याही देशाने अभिमानाने मिरवावीत. पण एक गोष्ट तेव्हाच ठरून गेली. डॉक्टरने शिकावयाचे एका भाषेत आणि रोग्याशी बोलावयाचे दुसऱ्या भाषेत. मधल्या दुभाष्याचे काम ज्याने त्याने आपापल्या कुवतीप्रमाणे, आपापल्या वेळात करावे. ते शिकविण्याची मात्र कोठे सोय नाही.

काहींनी ते फार निष्ठेने केले. १८६०च्या दशकात ग्रँट कॉलेजात मराठी व गुजराती माध्यमाचे वर्ग निघाले आणि त्यांच्या निमित्ताने मराठी वैद्यकग्रंथांना जरा बहर आला. डॉ. सखाराम अर्जुन हे त्या पिढीतले नाव मला विशेष महत्त्वाचे वाटते. ते वनस्पतिशास्त्रही शिकवीत. १८८३ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली तेव्हा तिच्या संस्थापकांत दोनच हिंदी गृहस्थ होते, एक आत्माराम पांडुरंग आणि दुसरे हे. पण त्यांनी गर्भविद्या आणि प्रसूती यांवर मराठीत लिहिले, आणि ‘विवाहविज्ञान’ हे पुस्तक तर सरळ संसारी माणसासाठी लिहिले. त्या काळी, ज्या विषयावर नवराबायको एकमेकांशीही बोलत नसत, त्या विषयावर! १८८५ साली ते वारले, आणि विद्वान मराठी डॉक्टरने घरगुती मराठीत लिहावे ही चाल त्यांच्यामागे फार काळ टिकली नाही.

त्यांची सावत्र मुलगी म्हणजे रखमाबाई. बालपणी लागलेले लग्न नाकारल्याबद्दल १८८४ सालापासून तिच्यावर चाललेला खटला सर्वांना ठाऊक आहे. पण खटला संपल्यावर ती विलायतेस गेली, १८९४ साली डॉक्टर झाली, मग परत आली, आणि पुढे कितीतरी वर्षे तिने सुरतेस व राजकोटास दवाखाने चालविले, ही गोष्ट आपण जरा घाईने उरकतो. सुरतेस बायका बाळंतपणासाठी इस्पितळात यावयास तयार नसत. तेव्हा रखमाबाईंनी एक गाभण शेळी इस्पितळात आणून तिचे सुखरूप बाळंतपण करून दाखविले, आणि मग बायका येऊ लागल्या, अशी एक गोष्ट सांगतात. मला ही गोष्ट शंभर व्याख्यानांहून मोठी वाटते. रखमाबाईंनी बायकांना अज्ञानी म्हटले नाही. त्यांची शंका काय आहे ते ओळखले, आणि शंकेला तिच्याच भाषेत उत्तर दिले.

आनंदीबाई जोशी यांनी १८८३ साली श्रीरामपूरच्या कॉलेजात भाषण करून आपण अमेरिकेस का जातो ते सांगितले, त्याच्या मुळाशीही हेच होते. आपल्या बायका परपुरुषाला दुखणे सांगत नाहीत, तेव्हा ऐकणारी बाई हवी. १८८६ साली त्या एम. डी. झाल्या आणि २२ वर्षे पुरी होण्याआधीच, १८८७ साली गेल्या. ऐकावयाला आलेला कान असा अकाली मिटला.

रोग्याला काही न सांगता, त्याचे काही न ऐकता बरे करावयाचे म्हटले तर काय होते, याचा धडा प्लेगने दिला. आणि तो इतका कडू होता की त्यावर जरा थांबलेच पाहिजे.

१८९६च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरने प्लेग ओळखला. ओळख अचूक होती. सरकार कामाला लागले. घरे धुणे, चुना लावणे, रोग्याला उचलून इस्पितळात नेणे, बाकीच्यांना छावणीत ठेवणे, सर्व झपाट्याने सुरू झाले. हे सर्व कशासाठी, हे मात्र कोणी घरोघर बसून सांगितले नाही. जाहीरनामे लागले. पण जाहीरनाम्याला प्रश्न विचारता येत नाही, हा त्याचा जन्मजात दोष आहे. मायबापांना विचारावयाचे असे ते अगदी साधे होते: ‘माझा मुलगा कोठे नेला? त्याला पाणी कोण पाजतो? मेला तर तोंड पाहावयास मिळेल का?’ या प्रश्नांना उत्तर नव्हते, म्हणून उत्तर अफवेने दिले. इस्पितळात माणसे मारतात अशी आवई उठली, आणि ऑक्टोबर १८९६मध्ये गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेला. पुढच्या फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा झाला. पुण्यास रँडसाहेबाच्या अमलात सोजिरांनी घराघरांत, देवघरांत शिरून झडत्या घेतल्या. २२ जून १८९७च्या रात्री काय झाले ते शाळेतले मूलही सांगेल. त्याच साथीत सावित्रीबाई फुले रोग्यांची शुश्रूषा करता करता १० मार्च १८९७ रोजी वारल्या. रोगी तिच्याकडे पळून जात नव्हते, तिच्याकडे येत होते.

मुंबईत हाफकिनसाहेबाने प्लेगची लस तयार केली आणि जानेवारी १८९७मध्ये प्रथम स्वतःला टोचून घेतली. आज आपण ते वाचून थक्क होतो. पण ज्या चाळकऱ्याला हे करावयाचे होते, त्याच्यापर्यंत ही बातमी कोणत्या शब्दांत पोचली असेल? ‘देवी काढणे’ या शब्दाजवळ जाईल असा एकही शब्द प्लेगच्या लसीला मराठीत मिळाला नाही. मला हा नुसता भाषेचा योगायोग वाटत नाही. देवीचा शब्द रुजावयाला पिढ्या मिळाल्या होत्या. प्लेगच्या वेळी शब्दाच्या आधी शिपाई पोचला.

विसाव्या शतकात रोग्याच्या प्रश्नाला मराठीत उत्तर देण्याचे काम सर्वांत निर्भयपणे ज्याने केले, तो डॉक्टर नव्हता, गणिताचा प्राध्यापक होता. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. या विषयापायी १९२५ साली त्यांची विल्सन कॉलेजातली नोकरी सुटली. १९२७च्या जुलैत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले आणि १९५३ साली प्राण जाईपर्यंत चालविले. त्यांच्या मतांशी सर्वांनी सहमत व्हावे असे मी म्हणत नाही. दिवाळीच्या अंकात तर मुळीच नाही. पण त्या मासिकातली वाचकांच्या पत्रांना दिलेली उत्तरे हा माझ्या दृष्टीने मराठी गद्याचा एक मोठा ठेवा आहे. वाचकाने लाजत, चाचरत, आडवळणाने विचारावे आणि कर्व्यांनी गणिताच्या उत्तरासारखे सरळ, न रागावता, न हसता लिहावे. अशाच उत्तरांबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरला, दंड झाला, आणि कर्वे पुढल्या अंकाच्या कामाला लागले. ते गेले आणि मासिकही संपले. म्हणजे पुन्हा तेच. धागा लागतो, कोणी एक मनुष्य तो कातीत राहतो, तो गेला की तुटतो.

स्वातंत्र्यानंतर, महाराष्ट्र राज्य झाले त्याच वर्षी, १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाले आणि परिभाषा कोशांचे प्रचंड काम सुरू झाले. शरीरशास्त्राचा कोश झाला, औषधशास्त्राचा झाला, विकृतिशास्त्राचा झाला. या विद्वानांच्या कष्टांची थट्टा करण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. मी ती करणार नाही. शब्द काटेकोर होते, संस्कृतातून नियमाने घडविलेले होते. पण ते घडविले परीक्षेसाठी आणि ग्रंथांसाठी, खाटेवरच्या माणसाशी बोलण्यासाठी नव्हेत. ‘ॲक्यूट’ला ‘तीव्र’ म्हटले की डॉक्टरच्या मनात येते ‘अचानक सुरू झालेले, थोड्या दिवसांचे’. रोग्याच्या मनात येते ‘फार मोठे’. ‘बिनाइन’ गाठीला ‘सौम्य’ म्हणावे तर त्याला वाटते की कर्करोगच, पण जरा कमी. वास्तविक सांगावयाचे असते ते एवढेच, की ही गाठ कर्करोगाची नाही. शब्द बरोबर आणि समजूत चुकीची, असे हे प्रकरण आहे.

याच्या अगदी उलट्या टोकाचे एक उदाहरण गडचिरोलीचे आहे. डॉ. अभय व राणी बंग यांनी १९८६ साली तेथे ‘सर्च’ ही संस्था काढली. तान्ह्या मुलांचा न्यूमोनिया गावातच ओळखावयाचा, तर मिनिटाला श्वास किती होतात ते मोजावे लागते. आणि गावातल्या सुइणीला तर मोजणी दहाच्या फारशी पुढे येत नाही. मग वाळूचे एक मिनिटाचे घड्याळ आणि शेजारी तारेत ओवलेले मणी अशी एक साधी चौकट तयार केली. दहा श्वास झाले, एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्याआधी तांबड्या मण्यावर हात गेला, तर मुलाला न्यूमोनिया. झाले! ना इंग्रजी, ना संस्कृत, ना साठापर्यंतचे पाढे. आणि जे दुखणे ओळखावयाचे, त्याला आपल्या आयाबाया ‘डबा’ म्हणत आल्या आहेत. पोट उडते, धाप लागते, हेही त्या पाहत होत्याच. नवे शास्त्र त्यांच्या पाहण्याला जोडून दिले, इतकेच. पुढे गावातल्याच बायकांना ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार केले. ३९ गावांतल्या या कामाचा अहवाल १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला, नवजात बालकांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी उतरले होते. शाळामास्तर या नात्याने मला त्या मण्यांचा हेवा वाटतो. इतके चांगले पाठ्यपुस्तक माझ्या हाती कधी पडले नाही.

मणी झाले, पण फोन? फोनचीही एक गोष्ट मुंबईतच आहे. डॉ. अपर्णा हेगडे यांनी २००८ साली ‘अरमान’ ही संस्था काढली, आणि २०१४ पासून तिची ‘एम-मित्र’ ही सेवा गरोदर व नुकत्याच बाळंत झालेल्या बायकांना त्यांच्या भाषेतून, त्यांनी निवडलेल्या वेळी फोन करून काय जपावे, काय खावे, केव्हा डॉक्टरकडे धावावे ते सांगू लागली. लिहिता-वाचता येण्याची अट नाही, ऐकावयाचे. पण बऱ्याच जणी काही आठवड्यांनी ऐकणे सोडीत. कोणाला प्रत्यक्ष माणसाने फोन करून विचारपूस करावी? सर्वांना करावयास माणसे नाहीत. तेव्हा कोण ऐकणे सोडील याचा अंदाज घेण्यासाठी गूगलच्या शास्त्रज्ञांच्या मदतीने कृत्रिम बुद्धिमत्ता वापरण्यात आली. सुमारे २३,००० स्त्रियांच्या अभ्यासात, यंत्राने सुचविलेल्या बायकांना फोन केल्यावर गळती सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाली. येथे यंत्राने रोग्याला काही समजावून सांगितले नाही, हे ध्यानात घ्यावे. कोणाशी माणसाने बोलावयास हवे, तेवढे दाखविले. मला ही वाटणी फार समंजस वाटते.

खुद्द समजावून सांगण्याचीही परीक्षा झाली आहे, पण न्यूयॉर्कमध्ये आणि इंग्रजीत. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात रुग्णालयातून घरी सोडताना द्यावयाचे ५० कागद यंत्राकडून सोप्या भाषेत लिहून घेतले. अकरावीच्या मुलाला कळतील असे कागद सहावीच्या मुलाला कळतील असे झाले. मास्तरांनी टाळ्या वाजवाव्यात अशीच ही प्रगती. परंतु डॉक्टरांनी ते तपासून जी १०० परीक्षणे केली, त्यांतल्या १८ परीक्षणांत रोग्याला अपाय होऊ शकेल अशी खोट सापडली. बहुतेक ठिकाणी काहीतरी गाळले होते. काही ठिकाणी मुळात नसलेले घातले होते. आणि ही स्थिती इंग्रजीची, ज्या भाषेत यंत्राला वाचावयास समुद्राइतके आहे. मराठीच्या वाट्याला आलेला हौद केवढा, हे वर पाहिलेच.

हे शेजारच्या उंबऱ्यावर कसे दिसते, ते सांगतो. आमच्या आळीतल्या एका म्हाताऱ्या मावशींचा खोकला महिनाभर हटत नव्हता. थुंकी तपासली, कागद आला, आणि नेहमीप्रमाणे माझ्याकडे आला. ‘मास्तर, येवरा लिवलंय म्हंजे कायतरी मोठाच हाय,’ त्या म्हणाल्या. मी चष्मा लावीपर्यंत त्यांच्या नातवाने कागद फोनला दाखविलाही. फोन गोड आवाजात म्हणाला, ‘आपला क्षयरोगाचा अहवाल नकारात्मक आला आहे.’ मावशींचे तोंड उतरले. ‘कोनी नकार दिला?’ नातू हसला नाही, हे त्याचे मोठेपण. तो फोनला म्हणाला, ‘आजीला कळेल असं सांग.’ तेव्हा फोनने सांगितले, ‘आजी, तुमच्या थुंकीत क्षयाचे जंतू सापडले नाहीत.’ हे वाक्य इतके सरळ आणि सुरेख होते की मलाही त्यात एक अक्षर बदलता आले नसते. दहा वेळा विचारा, यंत्र कंटाळत नाही, घड्याळाकडे पाहत नाही, ‘तुम्हांला काय कळतंय’ असे म्हणत नाही. प्लेगच्या जाहीरनाम्याला जे विचारता आले नाही, ते याला विचारता येते.

पण मावशींचा पुढचा प्रश्न ठरलेलाच होता. ‘मंग खोकला कसला?’ यावर फोनने एका दमात आठ रोग सांगितले. त्यात साधी सर्दीही होती आणि फुप्फुसाचा कर्करोगही होता. सर्व एकाच सुरात, एकाच गोडव्याने. त्याने मावशींची छाती ऐकलेली नव्हती. चाळीस वर्षे त्या चुलीच्या धुरात बसल्या, हे त्याला ठाऊक नव्हते. नातवाने फोन खिशात टाकला आणि दुसऱ्या दिवशी मावशींना घेऊन तो डॉक्टरकडे गेला. तपासण्याआधी डॉक्टरांनी त्यांना ‘चूल की गॅस?’ असे पहिले विचारले. शस्त्रक्रियेपूर्वी रोग्याला तिचे स्वरूप, धोके आणि दुसरे पर्याय समजतील अशा रीतीने सांगितलेच पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली एका निकालात स्पष्ट केले आहे. न सांगितल्याचा जाब डॉक्टरला विचारता येतो. चुकीच्या आठ रोगांचा जाब फोनला कसा विचारावयाचा? वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२३ साली या यंत्रांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि जबाबदार मनुष्य मागे असलाच पाहिजे असे बजावले; पण मावशींच्या ओसरीवर तो मनुष्य म्हणजे अकरावीतला एक पोरगा होता.

‘नकारात्मक’ हा शब्द मात्र माझ्या डोक्यातून गेला नाही. तो यंत्राने शोधलेला नाही. आपणच तो भाषांतरात लिहीत आलो आणि त्याने तो उचलला. ‘जंतू सापडले नाहीत’ हेही त्याने कोठेतरी वाचले असलेच पाहिजे. कोणी तरी ते लिहिले, म्हणून दुसऱ्यांदा विचारल्यावर ते निघाले. १८३१ साली मोल्सवर्थसाहेबाने शास्त्र्यांकडून गावोगावचे शब्द गोळा करवून मराठीचा कोश छापला. १८५७च्या दुसऱ्या आवृत्तीत सुमारे ६०,००० शब्द होते. कळ, ठणका, ठसठस, चमक, उसण, शिणक, कणकण, भोवळ, घेरी, अशी दुखण्याची शब्दसंपत्ती आपल्याकडे किती दाट आहे, हे त्या कोशाची पाने चाळताना कळते. ‘कणकण’ला इंग्रजीत काय म्हणावे, हे कोणी मला सांगितलेले नाही. डॉक्टर कागदावर लिहितो, ‘ताप नाही’. पण आजी मुलाच्या कपाळाला हात लावून म्हणते, ‘ताप नाही, पण कणकण आहे,’ आणि त्या दिवशी त्याला शाळेत धाडीत नाही.

यंदा सहामाही परीक्षेनंतर मी माझ्या वर्गाला एक काम दिले. घरातल्या आजी-आजोबांना दुखणे कसे सांगता ते विचारावयाचे आणि त्यांच्याच तोंडचे वाक्य वहीत उतरवावयाचे. आमच्याकडे जुनी वस्ती आगऱ्यांची; नव्या इमारतींत देशावरचे, खानदेशातले, विदर्भातले लोक आले आहेत, त्यामुळे वही रंगीबेरंगी झाली. वाक्ये उतरविताना वर्गात मोठा वाद झाला. एका मुलीच्या आजीने ‘पोटान दुखतं’ असे सांगितले होते. पोरी म्हणाल्या, आजी बोलली तसेच लिहू. पोरे म्हणाली, ‘पोटात’ असे शुद्ध करून लिहावे, नाही तर गुण जातील. मी ‘पोटान’ असेच लिहावयास सांगितले, आणि गुण कापले नाहीत.